जुना संगणक मोडीत काढण्यापूर्वीं

घरांतील जुनी वस्तु मोडीत घालावी कीं दुरुस्त करून वापरावी, हा प्रश्न आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांस नवा नाहीं. पितळी भांड्यांस कल्हई लावणें, गादीचा कापूस पिंजून घेणें, भिंतीवरच्या घड्याळाला तेलपाणी करणें, हीं कामें करतांना त्यापेक्षां नवेंच कां आणूं नये, असें आपल्या आजीच्या मनांतहि कधीं आलें नसेल. संगणकाच्या बाबतींत मात्र ही सवय आपण पार सोडून दिलेली दिसते. दहा-बारा वर्षांपूर्वीं घेतलेला टेबलावरचा संगणक सुरू होण्यास चार-पांच मिनिटें घेऊं लागला, साधें पत्र उघडण्यास ताटकळत ठेवूं लागला, कीं घरांतील तरुण मंडळी ‘आतां हा म्हातारा झाला’ असा निकाल देऊन मोकळी होतात. दुकानदारहि नवा घेण्याचाच सल्ला देतो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं, त्याचा तो धंदाच आहे. परंतु ह्या निकालांत पुष्कळदां अपराध एकाचा आणि शिक्षा दुसऱ्यालाच, असा प्रकार होतो. संगणकाच्या पेटींत पांच-सहा निरनिराळे भाग असतात. मंदावलेला असतो त्यांतला एक, आणि भंगारांत जातात सर्व.

उदाहरणासाठीं एक विशिष्ट संगणक डोळ्यांसमोर ठेवूं. २०१२-१३ च्या सुमारास आपल्याकडे सुटे भाग जुळवून जे संगणक विकले गेले, त्यांत इंटेल कंपनीचा कोअर आय्-३ ३२२० हा प्रोसेसर, एच्-६१ जातीचा मदरबोर्ड, ४ जी.बी. रॅम आणि ५०० जी.बी. ची हार्ड डिस्क, अशी जोडणी पुष्कळ ठिकाणीं आढळे. ह्या प्रोसेसरचे ठोके सेकंदाला ३३० कोटी पडतात, आणि नव्यानें घेतला तेव्हां जितके पडत होते तितकेच ते आजहि पडतात. गाडीचें इंजिन झिजून मंदावतें तसा प्रोसेसर मंदावत नाहीं. मग संगणक मंदावला कशानें?

त्याचें उत्तर असें कीं, मधल्या काळांत त्याच्यावरचें ओझें वाढलें. संगणकाची कार्यप्रणाली आणि तिच्यावर चालणारे कार्यक्रम लठ्ठ झाले. नवे भाग उतरवून घेणें, विषाणूंची तपासणी करणें, फाइलींची अनुक्रमणी ठेवणें, अशीं पडद्यामागें आपलीं आपण चालणारीं कामें वाढलीं. आणि हीं सर्व कामें ज्या एकाच भागाच्या दाराशीं रांग लावून उभीं राहतात तो भाग, म्हणजे हार्ड डिस्क, होती तेथेंच राहिली.

गृहिणींना ही गोष्ट चटकन् समजेल. स्वयंपाक करणारी कितीही चपळ असली, तरी डाळ, तांदूळ, मीठ, मोहरी हा प्रत्येक जिन्नस माळ्यावरच्या डब्यांत असेल आणि दर वेळीं कोणाला तरी शिडी लावून तो आणावा लागत असेल, तर फोडणी जळून जाईल. पण त्यांत तिच्या हाताचा दोष कोणता? संगणकांत प्रोसेसर ही ती स्वयंपाक करणारी, रॅम हा तिच्यापुढचा ओटा आणि हार्ड डिस्क हा माळा. ओटा लहान असला तर हाल दुप्पट होतात. कारण ओट्यावर न मावलेले जिन्नस पुन्हां माळ्यावर ठेवावे लागतात आणि क्षणानें पुन्हां उतरवावे लागतात. चार जी.बी. रॅमच्या संगणकावर संकेतस्थळांचीं आठ-दहा पानें एकदम उघडलीं म्हणजे नेमकें हेंच चालतें.

ह्या शिडीला वेळ किती लागतो, हें आंकड्यांत पाहिल्यास नवल वाटल्याशिवाय राहत नाहीं. हार्ड डिस्क ही ग्रामोफोनच्या नात्यांतली वस्तु आहे. चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात, आणि त्यांच्यावरून एक भुजा इकडून तिकडे सरकत हवा तो मजकूर वाचते. एका फेऱ्यास सुमारें ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा भुजेखालीं येण्यासाठीं सरासरीनें अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे चार मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. आणि भुजेला योग्य वर्तुळावर सरकण्यास आणखी आठ-नऊ मिलिसेकंद लागतात. एकंदर बारा-तेरा मिलिसेकंद झाले. माणसाच्या मानानें हें कांहींच नव्हे. पण तेवढ्यांत वर सांगितलेल्या प्रोसेसरचे चार कोटी ठोके पडून गेलेले असतात, आणि तें काम पुढें जाण्यासाठीं त्यांचा काडीचा उपयोग झालेला नसतो. मजकूर असा विखुरलेला असला तर हार्ड डिस्क सेकंदाला ऐंशीच्या आसपासच ठिकाणें गांठूं शकते. समजा, संगणक सुरू होतांना वीस हजार ठिकाणांहून मजकूर आणावयाचा आहे. तर त्याला चार मिनिटांहून अधिक वेळ लागेल. प्रत्यक्षांत कांहीं मजकूर सलग असतो, म्हणून हिशेब थोडा हलका होतो इतकेंच. घरांतील मंडळी सकाळीं संगणक सुरू करून चहा करावयास कां जातात, तें ह्यावरून कळेल.

ह्या यंत्राला नांवें ठेवण्याचा मात्र आमचा हेतु नाहीं. हार्ड डिस्क ही विसाव्या शतकांतल्या उत्तम यंत्रांपैकीं एक होय. आय्.बी.एम्. कंपनीनें १९५६ सालीं जी पहिली डिस्क बाजारांत आणली, तिच्यांत चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, तिचें वजन एका टनाच्या घरांत होतें, आणि एवढ्या धुडांत अवघीं पन्नास लाख अक्षरें मावत. आज तळहातावर राहणाऱ्या डिस्कमध्यें तिच्या लाखों पट मजकूर राहतो. सामावण्याची शक्ति अशी वाढली. परंतु तबकडी फिरावी आणि भुजा सरकावी हें मूळ तत्त्व बदललें नाहीं, आणि फिरणाऱ्या वस्तूच्या वेगाला मर्यादा असते.

तिची जागा घेणारी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, जिला सर्वजण एस्. एस्. डी. म्हणतात, ती निराळ्याच कुळांतली आहे. जपानांतील तोशिबा कंपनीचे इंजिनियर फुजिओ मासुओका ह्यांनीं १९८४ सालीं फ्लॅश मेमरी विद्वानांपुढें मांडली, आणि १९८७ मध्यें तिचा नॅंड हा प्रकार पुढें आला. साठविलेला मजकूर एका झटक्यांत पुसला जातो, तें पाहून छायाचित्रकाराच्या लखलखाटाची आठवण होते, म्हणून फ्लॅश हें नांव त्यांच्या एका सहकाऱ्यानें सुचविलें. पुढें १९८८ सालीं कॅलिफोर्नियांत एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरचे संजय मेहरोत्रा ह्या तिघांनीं स्थापिलेल्या सनडिस्क कंपनीनें (हीच पुढें सॅनडिस्क झाली) १९९१ मध्यें आय्.बी.एम्. ला २० एम्.बी. ची फ्लॅशची डिस्क पुरविली. तिची किंमत एक हजार डॉलरांच्या आसपास होती. आज साध्या एस्. एस्. डी. मध्यें तिच्या पंचवीस हजार पट जागा असते.

एस्. एस्. डी. मध्यें फिरणारें कांहींहि नाहीं. सिलिकनच्या चकतीवर अब्जावधि सूक्ष्म कप्पे असतात. प्रत्येकांत विजेचा थोडासा भार कोंडून ठेवलेला असतो, आणि तो किती आहे ह्यावरून अक्षर ओळखतात. वीज नसतांनाहि हा भार तेथेंच राहतो. कोणताहि कप्पा गांठण्यास लागणारा वेळ मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. म्हणजे जी शिडी चढावयास बारा मिलिसेकंद लागत, ती जवळजवळ नाहींशीच झाली. आमच्या उदाहरणांतला संगणक एवढा एकच भाग बदलल्यावर बहुधा अर्ध्या-पाऊण मिनिटांत कामास सज्ज होतो.

दुकानांत गेल्यावर मात्र दुसऱ्याच आंकड्यांचा मारा होतो. हिचा वेग सेकंदाला ५५० एम्.बी., तिचा साडेतीन हजार, आणखी एकीचा सात हजार! ग्राहक बिचारा भांबावून जातो व सर्वांत महागडी घेतो. येथें थोडी सावधगिरी पाहिजे. एच्-६१ मदरबोर्डावरचीं साटा जोडणीचीं छिद्रें दुसऱ्या पिढीचीं आहेत. त्यांच्यांतून सेकंदाला पावणेतीनशे एम्.बी. च्या वर मजकूर जात नाहीं, मग ड्राइव्ह कितीही वेगाची असो. तथापि ह्यानें निराश होण्याचें कारण नाहीं. हे आंकडे सलग मजकूर वाहून नेण्याचे आहेत, आणि आपली अडचण तर ठिकठिकाणचा बारीकसारीक मजकूर हुडकण्याची आहे. त्या हुडकण्यांतला शंभरपट लाभ जुन्या छिद्रांतूनहि बहुतांशीं पदरांत पडतो. जुन्या संगणकासाठीं अडीच इंची, साटा जातीची, नांवाजलेल्या कंपनीची साधी एस्. एस्. डी. पुरे. एन्.व्ही.एम्.ई. नांवाचा जो नवा, च्युइंगगमच्या वडीसारखा दिसणारा प्रकार आहे, त्यावरून २०१४ पूर्वींचे बहुतेक बोर्ड संगणक सुरूच करूं शकत नाहींत. कोणी आग्रह केला तरी तो घेऊं नये.

अतिस्वस्ताच्या मोहांत पडणें हें त्याहूनहि वाईट. प्रसिद्ध कंपन्यांच्या किंमतीच्या चौथाईंत दुप्पट जागेची ड्राइव्ह कोणी देऊं लागला, तर ती बहुधा बनावट असते. वरची चिठ्ठी २ टी.बी. सांगते, आंत असते थोडीशी मेमरी, आणि ती भरली कीं नवा मजकूर जुन्यावर लिहिला जाऊन दोन्ही नष्ट होतात. पावती व हमीपत्र घ्यावें, आणि पहिल्याच आठवड्यांत ड्राइव्ह काठोकाठ भरून ती तपासून पाहावी. त्यासाठीं एच्‌टूटेस्टडब्ल्यू हा फुकट मिळणारा कार्यक्रम आहे. भावांविषयीं एवढेंच सांगतां येईल कीं ते धान्याच्या भावांप्रमाणें खालींवर होतात. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांची मागणी वाढल्यानें ते बरेच चढले. तरीहि नव्या संगणकाच्या किंमतीशीं ह्या खर्चाची तुलना होऊं शकत नाहीं.

आतां महत्त्वाच्या गोष्टीकडे वळूं. पेटी उघडण्याच्या आधीं तिच्यांत काय आहे, ह्याचा विचार घरांतल्या सर्वांनीं बसून केला पाहिजे. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज असतें, आणि तें पुन्हां मिळतें. परंतु तिच्यावर मुलीच्या मुंजी-बारशांपासूनचीं छायाचित्रें असतात, आजोबांनीं निवृत्तीनंतर टाइप केलेल्या आठवणी असतात, कोणाच्या घरीं कुलवृत्तांताचीं टिपणें असतात. तीं पुन्हां मिळत नाहींत. मराठी घरांत आणखी एक अडचण असते, ती दुकानांतल्या मुलांस बहुधा ठाऊक नसते. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं आपण श्रीलिपि, आकृति किंवा सी-डॅकची आय्.एस्.एम्. अशा साधनांनीं मराठी लिहीत होतों. त्या फाइली म्हणजे वस्तुतः इंग्रजी अक्षरांच्या रांगा. तो विशिष्ट टंक संगणकावर असेल तरच त्या मराठी दिसतात. डिस्क बदलून त्यावर नवें विंडोज घातलें आणि फाइली नीट उतरवून घेतल्या, तरी उघडून पाहावें तों पडद्यावर चिन्हांचा नुसता गोंधळ! आजोबांचें लिखाण ‘बिघडलें’ असें समजून कोणी तें पुसूनहि टाकील.

म्हणून अशा घरांनीं नव्यानें मांडामांड करण्यापेक्षां जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या ड्राइव्हवर घेणें, ज्याला क्लोन करणें म्हणतात, हा मार्ग धरावा असें आम्हांस वाटतें. तसें केल्यास टंक, कार्यक्रम, मांडणी सर्व जसेंच्या तसें उतरतें. क्लोनझिला हा कार्यक्रम फुकट आहे, पण तो नवख्याला थोडा रुक्ष वाटेल, आणि नवी ड्राइव्ह जुनीपेक्षां लहान असली तर तो अडून बसतो. बहुतेक कंपन्या आपापल्या ड्राइव्हसाठीं सोपे कार्यक्रम देतात. ज्यांच्या संगणकांत नकोशा कार्यक्रमांचें तण माजलें आहे आणि जुन्या टंकांची भानगड नाहीं, त्यांनीं मात्र कोऱ्या पाटीनें आरंभ करावा. डिस्क बदलली म्हणून विंडोज १० चा परवाना जात नाहीं. तो मदरबोर्डाशीं बांधलेला असतो.

क्लोन करण्याच्याहि आधीं कागदपत्रें व छायाचित्रें एका वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवून घ्यावींत आणि त्यांतलीं दहा-वीस उघडून खात्री करावी. जुनी डिस्क टक्-टक् असा आवाज करीत असेल, तर तिला एका दिवसाचाहि धीर नाहीं असें समजावें. आवाज नसला तरी क्रिस्टलडिस्कइन्फो ह्या कार्यक्रमानें तिची नाडी पाहावी. तो ‘सावध’ असा इशारा देत असेल तर आधीं प्रती, मग इतर सर्व. हें काम घाईचें आहे, आणि संगणकाच्या वेगाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं.

प्रत्यक्ष बदल अगदींच सोपा आहे. संगणक बंद करून भिंतीवरची तार काढावी, पेटीच्या उघड्या लोखंडी भागास हात लावून अंगांतली स्थिर वीज घालवावी, पाखाचे स्क्रू काढावेत. एस्. एस्. डी. अडीच इंची आणि जुन्या पेटींतली जागा साडेतीन इंची, म्हणून मधें एक पत्र्याचा आधार लागतो. तो न मिळाल्यास दुहेरी चिकटपट्टीनेंहि भागतें, कारण हलणारें कांहीं नसल्यानें हादऱ्याची भीति नाहीं. दोन जोडण्या द्यावयाच्या, एक मजकुराची, एक विजेची. दोहोंचा आकार असा असतो कीं त्या उलट बसत नाहींत. एक खांचखळगा मात्र सांगून ठेवतों. जुन्या बोर्डांच्या बायॉसमध्यें साटाची पद्धत पुष्कळदां ‘आय्.डी.ई.’ वर ठेवलेली असते, ती ‘ए.एच्.सी.आय्.’ असावी, म्हणजे पुसलेल्या जागांची वर्दी ड्राइव्हला मिळत राहते व तिचा वेग टिकतो. नवें विंडोज घालण्यापूर्वीं ही पद्धत बदलली तर कांहीं त्रास नाहीं. क्लोन केलेल्या विंडोजवर एकाएकीं बदलली तर निळा पडदा येऊन संगणक सुरूच होत नाहीं. तेवढें काम जाणत्याकडून करून घ्यावें.

एस्. एस्. डी. लवकर झिजते असा एक समज आहे, आणि त्यांत तथ्य आहे. परंतु प्रमाण पाहिलें पाहिजे. प्रत्येक कप्प्यावर लिहिण्यास मर्यादा असते, म्हणून कंपन्या एकंदर किती मजकूर लिहिल्यास हमी राहील तें सांगतात. सॅमसंगच्या ८७० इव्हो ह्या ५०० जी.बी. च्या ड्राइव्हसाठीं तो आंकडा ३०० टी.बी. आहे. घरांत रोज वीस जी.बी. लिहिलें जातें असें धरलें, आणि हें फार झालें, तरी तेवढें लिहून व्हावयास एक्केचाळीस वर्षें लागतील. झिजण्यापेक्षां भय आहे तें निराळें. हार्ड डिस्क मरतांना बहुधा कुरकुरते, कण्हते, सूचना देते, एस्. एस्. डी. संध्याकाळीं ठीक असते आणि सकाळीं दिसतच नाहीं, आणि तिच्यांतला मजकूर काढणें फार अवघड व खर्चाचें असतें. तेव्हां नवी ड्राइव्ह घेतली म्हणून बाह्य डिस्कवर प्रती ठेवण्याचा परिपाठ सोडूं नये.

ह्या बदलानें सर्व दुखणीं बरीं होतात असें मात्र कोणी समजूं नये. ओटा लहान आहे तो लहानच राहतो. म्हणून ४ जी.बी. रॅम असेल तर त्याबरोबरच ती ८ करावी. ह्या बोर्डास लागणारी डी.डी.आर.-३ जातीची रॅम जुन्या बाजारांतहि मिळते. चलच्चित्रें जोडण्याचें काम, नवे खेळ, ह्यांस प्रोसेसरच अपुरा पडतो. बोर्डावरचीं उभीं नळकांडीं, म्हणजे कपॅसिटर, माथ्यावर फुगलेलीं दिसलीं तर अशा संगणकावर पैसा घालणें शहाणपणाचें नाहीं.

त्याहून मोठा प्रश्न कार्यप्रणालीचा आहे. मायक्रोसॉफ्टनें विंडोज १० चा सांभाळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांस सुरक्षिततेच्या दुरुस्त्या देण्याची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली. विंडोज ११ साठीं इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या उदाहरणांतला तिसऱ्या पिढीचा आहे. म्हणजे हातपाय धड असतांना हा संगणक कायद्यानें म्हातारा ठरविला गेला. ह्यावर आमच्या मतें उत्तम तोड म्हणजे लिनक्स मिंटसारखी फुकट कार्यप्रणाली. ती पेन ड्राइव्हवरून, संगणकांतल्या कशालाहि धक्का न लावतां, आधीं चालवून पाहतां येते. पत्रव्यवहार, वाचन, मराठी लेखन आणि घरखर्चाचा ताळेबंद एवढ्यास ती भरपूर आहे. जुन्या टंकांतले लेख मात्र तिकडे जाण्यापूर्वीं युनिकोडमध्यें बदलून घ्यावे लागतील. ज्यांना तेंहि जमण्यासारखें नाहीं, त्यांनीं जुना संगणक इंटरनेटला न जोडतां केवळ त्या लेखनासाठीं ठेवावा. बँकेचे व्यवहार, दुरुस्त्या बंद झालेल्या विंडोजवरून करणें आम्हांस पसंत नाहीं.

२०२२ ह्या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लाख टन विद्युत् कचरा निघाला आणि त्यांतील जेमतेम २२.३ टक्क्यांचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे, असें संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचा अहवाल सांगतो. त्यांत आपल्या एका पेटीची भर पडली काय अन् न पडली काय, असें कोणी म्हणेल. पण पेटीबरोबर चालू स्थितींतला प्रोसेसर, बोर्ड आणि पडदाहि जातो, हें विसरूं नये.

राहतां राहिली जुनी हार्ड डिस्क. ती धड असेल तर निदान महिनाभर तशीच, कांहीं न पुसतां, चिठ्ठी लावून कपाटांत ठेवावी. नव्या ड्राइव्हवर कोणती गोष्ट यावयाची राहिली, तें बहुधा तेवढ्या अवधींत ध्यानांत येतें. मग बाह्य पेटी घालून तिचा प्रती ठेवण्याकडे उपयोग करावा. आणि ती टाकूनच द्यावयाची असेल, तर नुसत्या फाइली पुसून भागत नाहीं. पुसलेल्या फाइली परत काढतां येतात. सबंध डिस्कवर एकदां दुसरा मजकूर लिहावा, किंवा सरळ घरांतल्या ड्रिलनें तबकड्यांच्या आरपार दोन-तीन भोकें पाडून मगच ती ई-कचरा घेणाऱ्याच्या हातीं द्यावी.